थीम एकदाच बसवा: संस्थेच्या रंगातले चार्ट आणि तक्ते

सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. त्यामुळे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या आणि आंबा बागायतदारांच्या संस्था यांचे अहवाल ऐन पावसात, गणपतीच्या आगेमागे तयार होतात. हिशेबनिसाच्या तक्त्यातला निळा वेगळा, सचिवांच्या चार्टमधला वेगळा आणि मुखपृष्ठावरच्या बोधचिन्हातला तिसराच. मग कुणीतरी रात्री बसून एकेक खांब निवडून रंग बदलतो. दुसऱ्या दिवशी एक आकडा दुरुस्त होतो, चार्ट नव्याने काढावा लागतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून.

यावर उपाय एकच आहे: रंग आणि फॉन्ट हाताने लावायचेच नाहीत. ते एकदा ठरवून थीममध्ये (फाइलला लागणाऱ्या रंगांचा आणि फॉन्टांचा साठवलेला संच) ठेवायचे आणि प्रत्येक सेल, प्रत्येक चार्ट तिथूनच रंग उचलेल असे पाहायचे. पहिल्यांदा बसवायला अर्धा दिवस जातो. पुढे बोधचिन्ह बदलले तरी थीम बदलली की काम झाले. खाली एक्सेल सविस्तर घेतले आहे, कारण बहुतेक कार्यालयांत तेच असते. लिबरऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्स यांची वेगळी वळणे शेवटाकडे दिली आहेत.

रंग कुठून घ्यायचे

व्हॉट्सॲपवर आलेल्या बोधचिन्हातून रंग उचलू नका. ते चित्र दाबून लहान केलेले असते आणि एकाच निळ्या पट्ट्यात शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांचे आकडे वेगवेगळे निघतात. लेटरहेड ज्या छापखान्यात छापले, त्यांच्याकडे कोरलड्रॉची किंवा पीडीएफची मूळ फाइल असते, ती मागा. छापखान्याचे आकडे बहुधा चार शाईंचे असतात (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा, टक्क्यांत) आणि एक्सेलला लाल-हिरवा-निळा असे ० ते २५५ मधले तीन आकडे लागतात. कोरलड्रॉमध्येच रंग बदलून घेतला तर बरे. नेटवरच्या फुकट परिवर्तकातून चार शाईंचा रंग बदलला तर तो हमखास भडक येतो, कारण त्याला शाई आणि कागद यांची जाण नसते.

मूळ फाइल मिळालीच नाही, तर पॉवरपॉइंटमध्ये बोधचिन्ह घाला, एखादा चौकोन काढा आणि शेप फिलमधल्या आयड्रॉपरने रंग उचला. मग मोअर फिल कलर्स, कस्टम इथे तीन आकडे दिसतात. एकाच रंगाच्या तीन-चार जागा तपासा आणि जो आकडा पुन्हा पुन्हा येतो तो धरा.

बोधचिन्हात सहसा दोनच रंग असतात. थीमला लागतात सहा, म्हणून उरलेले आपण ठरवायचे. उदाहरणापुरती रत्नागिरी जिल्ह्यात कार्यक्षेत्र असलेली एक बागायतदार संस्था घेऊ. तिच्या बोधचिन्हात समुद्राचा निळा आणि जांभ्या दगडाचा तांबडा आहे. सोबतीला हापूसचा केशरी, पानाचा हिरवा, एक फिका निळा आणि एक राखाडी घेतला.

झेरॉक्सची परीक्षा

अहवाल रंगीत छापला तरी सभासदांच्या हाती बऱ्याचदा त्याची झेरॉक्स पडते. तिथे निळा आणि तांबडा एकाच करड्या छटेत मिसळले की चार्टचा उपयोग संपला. हे आधीच मोजता येते. रंगाच्या तीन आकड्यांपैकी लालला ०.२९९ ने, हिरव्याला ०.५८७ ने आणि निळ्याला ०.११४ ने गुणा आणि बेरीज घ्या. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा.

समुद्राचा निळा (११, ८३, १२२): ६६
जांभ्याचा तांबडा (१५६, ६१, ३८): ८७
पानाचा हिरवा (९४, १४०, ६०): ११७
हापूसचा केशरी (२१७, ११९, ६): १३५
फिका निळा (१२२, १७८, २११): १६५
राखाडी (२००, २००, २००): २००

बोधचिन्हातले दोन्ही रंग पाहा: ६६ आणि ८७. डोळ्यांना ते एकमेकांपासून कितीही लांब वाटोत, झेरॉक्समध्ये दोन्ही गडद करडेच. बहुतेक संस्था नेमके हेच दोन रंग चार्टमध्ये शेजारी ठेवतात, ‘आपले रंग’ म्हणून. शेजारच्या दोन रंगांत निदान ४५ चा फरक हवा, असा नेम धरा. मग क्रम असा लागतो: निळा ६६, केशरी १३५, तांबडा ८७, फिका निळा १६५, हिरवा ११७, राखाडी २००. एकदा खाली, एकदा वर. दोनच मालिकांचा (आकड्यांच्या दोनच संचांचा) चार्ट असेल तर निळा आणि केशरी येतात, तीन असतील तर तांबडा मिळतो. क्रम थीममध्येच बसला की चार्ट काढणाऱ्याला विचार करावा लागत नाही.

हिरवा आणि तांबडा यांची जोडी नफा-तोट्यासाठी वापरायचा मोह होतो. तांबड्या-हिरव्यात फरक न कळणारे पुरुष शंभरात काही तरी असतात, म्हणून फरक रंगावर सोडू नका. आकड्याच्या आधी वजा चिन्ह द्या किंवा ‘तूट’ असा शब्दच लिहा.

पिवळ्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण आंब्याच्या प्रत्येक संस्थेला तो हवाच असतो. आंब्याचा खरा पिवळा (२५५, १९३, ७) पांढऱ्या कागदावर सुमारे १.६ पटच उठाव (कागद आणि रंग यांच्या उजळपणातला फरक) देतो. चार्टमधल्या आकारांना ३ पट आणि मजकुराला ४.५ पट उठाव हवा, असे वेबवरच्या सुगम्यतेचे निकष सांगतात. म्हणून पिवळा मथळ्याच्या पट्टीत, गडद निळ्या अक्षरांच्या मागे वापरा. रेषेला किंवा आकड्यांना कधीच नको. वरचा केशरी हा त्याच पिवळ्याचा गडद भाऊ, जेमतेम ३ च्या वर. फिका निळा आणि राखाडी ३ च्या खाली जातात, त्यांना गडद निळ्याची पाऊण पॉइंटाची कड द्या.

फॉन्ट: इथेच सगळे बिघडते

एक्सेलच्या सेलला एकच फॉन्ट असतो. तो कॅलिब्री असेल आणि मजकूर मराठी असेल, तर कॅलिब्रीत देवनागरी नसल्याने विंडोज स्वतःच दुसरा फॉन्ट घालते. पडद्यावर नाव कॅलिब्रीचे आणि अक्षरे भलतीच. म्हणून मराठी आणि इंग्रजी दोन्ही असलेला फॉन्ट निवडा. दोन पर्याय उपयोगी पडतात. निर्मला यूआय हा विंडोज ८ पासून प्रत्येक संगणकात असतो. फाइल तालुक्याच्या कार्यालयात, बँकेत, लेखापरीक्षकाकडे जाणार असेल तर तोच घ्या. मुक्त हा मुंबईच्या एक टाइप या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मोफत फॉन्ट अधिक देखणा आहे आणि गूगल शीट्समध्येही मिळतो, पण तो प्रत्येक संगणकावर बसवावा लागतो. वर्ड आणि पॉवरपॉइंट फाइलमध्ये फॉन्ट कोंबता येतो, एक्सेलमध्ये येत नाही. मुक्त वापरलाच तर बाहेर जाणारी प्रत पीडीएफच ठेवा. त्याची सात वजने (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) आहेत. रेग्युलर आणि बोल्ड एवढीच वापरा. सेमीबोल्ड एक्सेलमध्ये वेगळ्या नावाचा फॉन्ट म्हणून दिसतो आणि दुसऱ्याच्या संगणकावर नेमका तोच नसतो.

फॉन्ट ठरवण्याआधी एक चाचणी करा: एका सेलमध्ये इंग्रजी एकाचे आठ आकडे आणि खालच्या सेलमध्ये इंग्रजी आठाचे आठ आकडे टाइप करा. दोन्ही ओळी सारख्याच लांब आल्या तर रकमांचे रकाने सरळ उभे राहतील. एकांची ओळ आखूड आली तर तो फॉन्ट मथळ्यापुरता ठेवा.

आणि जुने दुखणे. अनेक कार्यालयांतल्या पाच-दहा वर्षांपूर्वीच्या शीट शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या असतात. तिथे आत मराठी अक्षरे नसतातच. इंग्रजी अक्षरांवर मराठी मुखवटा चढवलेला असतो. अशा शीटला थीमचा फॉन्ट लावला की नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात, आणि घाबरून लोक थीमलाच नावे ठेवतात. आधी त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक (मुखवट्याची अक्षरे खऱ्या मराठी अक्षरांत बदलणारा) वापरा, र्‍या, ऱ्ह, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, मगच थीम लावा. या शीटमध्ये नावांची अकारविल्हे लावणीही चुकीची लागते, तेही त्यामुळेच.

एक्सेलमध्ये थीम बसवणे

१. कोरे वर्कबुक उघडा. पेज लेआउट, कलर्स, कस्टमाइज कलर्स. बारा जागा दिसतील: मजकूर आणि पार्श्वभूमीच्या चार, ॲक्सेंट (चार्ट आणि सेलसाठीचे रंग) सहा, दुव्यांच्या दोन.

२. पहिल्या गडद जागेत काळा आणि पहिल्या फिक्या जागेत पांढरा तसेच राहू द्या. या दोन्हीत हात घातला की प्रत्येक सेलचा साधा मजकूरच रंगीत होतो. दुसऱ्या गडद जागेत बोधचिन्हाचा निळा, दुसऱ्या फिक्या जागेत अगदी फिकी वाळूसारखी छटा, उदाहरणार्थ २४५, २४०, २३०.

३. ॲक्सेंट १ ते ६ मध्ये वर ठरवलेला क्रम. तीन आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा. नाव संस्थेचे द्या आणि शेवटी वर्ष जोडा; उद्या रंग बदलले तर जुना अहवाल कुठल्या थीमचा हे कळते.

४. फॉन्ट्स, कस्टमाइज फॉन्ट्स इथे हेडिंग आणि बॉडी दोन्हीला निवडलेला फॉन्ट. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडलेली असेल तर इथे दुसऱ्या लिप्यांसाठी वेगळे खाने दिसू शकतात; तेही भरा. नाहीतर चार्टमधली मराठी अक्षरे मंगल या फॉन्टमध्ये आणि आकडे निर्मलामध्ये असा प्रकार होतो.

५. थीम्स, सेव्ह करंट थीम. ही एकच फाइल कार्यालयातल्या बाकी संगणकांवर पेनड्राइव्हने न्या आणि थीम्स, ब्राउझ फॉर थीम्सने लावा.

फॉन्ट बदलल्यावर रकाने रुंद-अरुंद झाले, तर घाबरू नका. एक्सेल रकान्याची रुंदी नॉर्मल स्टाइलच्या फॉन्टातल्या शून्याच्या रुंदीत मोजते, त्यामुळे फॉन्ट बदलला की छपाईची पाने सरकतात. म्हणून थीम आधी, रकाने आणि पानांची आखणी नंतर. ओळीची उंचीही वाढवा: नेहमीच्या १५ पॉइंटांत ‘र्‍हस्व’, ‘कृष्णाई’, ‘द्वितीय’ यांचे पाय आणि माथे कापले जातात. ११ पॉइंटांच्या मराठी मजकुराला १९ ते २० पॉइंट उंची हवी.

आता कोरे वर्कबुकच या थीमचे करायचे. थीम लावलेले रिकामे वर्कबुक ‘बुक’ या नावाने (इंग्रजीत टाइप करून) एक्सेल टेम्प्लेट प्रकारात एक्सएलस्टार्ट या (एक्सेल सुरू होताना आपोआप वाचते त्या) फोल्डरात ठेवा. त्यानंतर कंट्रोल-एन दाबल्यावर येणारे प्रत्येक नवे वर्कबुक संस्थेच्या रंगातलेच येते. ही पायरी लोक गाळतात आणि मग तीन महिन्यांत सगळे ऑफिसच्या मूळ रंगांवर परततात. २०२३ पासून ऑफिसचा मूळ फॉन्टही कॅलिब्रीऐवजी ॲप्टॉस झाला आहे, त्यामुळे नव्या-जुन्या संगणकांतला फरक आणखी उठून दिसतो.

सेल आणि टेबल यांच्या स्टाइल

होम, सेल स्टाइल्स, न्यू सेल स्टाइल. पाच स्टाइल पुरतात: मथळा, रकान्याचे नाव, मजकूर, रक्कम, एकूण. रंग निवडताना वरच्या थीम कलर्सच्या चौकटीतूनच घ्या. खालच्या स्टँडर्ड कलर्समधला किंवा मोअर कलर्समधला रंग थीमशी जोडलेला नसतो, आणि थीम बदलली तरी तो जिथल्या तिथे राहतो. सगळ्या लेखातली सर्वात महत्त्वाची सवय म्हणाल तर हीच.

इनपुट म्हणून भरायच्या सेलना एक सहावी स्टाइल द्यायला हरकत नाही, फिक्या वाळूच्या छटेची. स्टाइल दुसऱ्या वर्कबुकात न्यायच्या तर दोन्ही उघडी ठेवा आणि सेल स्टाइल्समधले मर्ज स्टाइल्स वापरा. टेबल स्टाइल मात्र अशी जात नाही. ती त्या वर्कबुकापुरतीच असते. टेबल असलेली शीटच दुसऱ्या वर्कबुकात कॉपी केली की तिच्यासोबत येते.

चार्टचा साचा

एक चार्ट मन लावून नीट करा, बाकीचे त्यावरून निघतील. खांबांचा चार्ट घाला आणि हे बदल करा.

खांबांमधली फट, म्हणजे गॅप विड्थ, एक्सेलमध्ये मुळात २१९ टक्के असते. ६० ते ८० वर आणा; रंगाला अंग मिळते आणि संस्थेचा रंग दिसतो. ओव्हरलॅप ० ठेवा. आडव्या जाळीच्या रेषा अर्ध्या पॉइंटाच्या, फिक्या राखाडी. चार्टभोवतीची कड काढून टाका. मथळा डावीकडे, १४ पॉइंट ठळक. बाकी मजकूर १० पॉइंट. ९ च्या खाली मराठी जोडाक्षरे छपाईत भरून जातात. लेजंड (रंगांची सूची) शक्यतो काढा आणि मालिकेचे नाव खांबापाशी किंवा रेषेच्या टोकाशी लिहा. झेरॉक्सची अर्धी अडचण तिथेच मिटते.

मग चार्टवर राइट क्लिक, सेव्ह ॲज टेम्प्लेट. पुढच्या वेळी चेंज चार्ट टाइप, टेम्प्लेट्स इथून तो लावा. तिथेच टेम्प्लेटवर राइट क्लिक करून तो मूळ चार्ट म्हणून ठरवला, तर आकडे निवडून एफ११ दाबताच संस्थेचा चार्ट उभा राहतो. साच्यात माप मात्र येत नाही. ए४ पानावर दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर समास सोडला की १६ सेंटिमीटर उरतात. म्हणून प्रत्येक चार्ट १६ बाय ९. सगळे चार्ट कंट्रोल धरून निवडा आणि शेप फॉरमॅटमध्ये माप एकदम द्या. प्रॉपर्टीजमध्ये डोन्ट मूव्ह ऑर साइझ विथ सेल्स ठेवा, नाहीतर कुणी एक ओळ घातली की चार्ट ताणला जातो.

रत्नागिरी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत आणि थीममध्ये रंग सहा. तालुक्यागणिक वेगळा रंग दिला तर सातव्यापासून एक्सेल पहिल्या रंगांच्याच छटा वापरते, आणि मंडणगड कुठला, लांजा कुठला हे शोधत बसावे लागते. इथे रंगांची गरजच नाही. सगळे तालुके एकाच निळ्यात, आडव्या पट्ट्यांत, मोठ्यापासून लहानापर्यंत. ज्याच्याबद्दल बोलायचे तो एकच केशरी. आडवे अशासाठी की ‘संगमेश्वर’ उभ्या खांबाखाली मावत नाही, एक्सेल ते तिरके करते आणि तिरक्या देवनागरीत शिरोरेषा पायरीसारखी तुटते. ॲक्सिस ऑप्शन्समध्ये कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर निवडायला विसरू नका. आडव्या चार्टमध्ये यादीतले पहिले नाव तळाशी जाते.

मासळीच्या आवकेचा चार्ट असेल तर आणखी एक बारकावा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांचे सेल शून्य ठेवले तर रेषा तळाला आपटते आणि धंदा बुडाल्यासारखे दिसते. सेल रिकामे ठेवा आणि सिलेक्ट डेटा, हिडन अँड एम्प्टी सेल्स, गॅप्स निवडा. रेषा मेअखेर थांबते आणि ऑगस्टात पुन्हा सुरू होते. मधल्या जागेत ‘बंदीकाळ’ असे राखाडी अक्षरांत लिहा. सेलमध्ये सूत्र असेल आणि त्यातून कोरा मजकूर येत असेल, तर एक्सेल त्याला रिकामे न धरता शून्य धरते. तिथे सूत्रातून एन-ए ही त्रुटी आणा.

लाख, कोटी आणि मराठी अंक

लाखाचा स्वल्पविराम विंडोजच्या रीजन सेटिंगवर अवलंबून असतो. तिथे भारत निवडलेले असेल तर १२,३४,५६७ दिसते, नसेल तर तीच फाइल १,२३४,५६७ दाखवते. दोन्हीकडे सारखे हवे असेल तर रक्कम या सेल स्टाइलमध्ये नंबर, कस्टम इथे हा साचा टाका:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

साच्यातले आकडे इंग्रजीच हवेत. यात एक खोट आहे: वजा रकमा तिसऱ्या भागात पडतात आणि लाखाच्या वरची तूट पुन्हा परदेशी पद्धतीने दिसते. तोट्याचे रकाने असतील तर कार्यालयातल्या सगळ्या संगणकांची रीजन सेटिंग सुधारणे हाच मार्ग. हा साचा गूगल शीट्समध्येही चालतो.

मराठी अंक हवे असतील तर [$-4000439]0 हा साचा वापरा. दिसतात देवनागरी अंक, आत संख्या तशीच राहते, बेरीज बिघडत नाही. चार्टच्या अक्षावरही तो देता येतो; तिथे लिंक्ड टू सोर्सची खूण काढा.

अक्षावर सात-सात आकडे नकोत. फॉरमॅट ॲक्सिसमध्ये डिस्प्ले युनिट्सच्या यादीत मिलियन, बिलियनच्या सोबत 100000 आणि 10000000 हेही पर्याय आहेत, म्हणजे आपले लाख आणि कोटी. यादी शेवटपर्यंत पाहत नसल्याने लोकांना ते सापडत नाहीत. ते निवडा आणि बाजूला उमटणाऱ्या इंग्रजी शब्दावर क्लिक करून ‘रुपये लाखांत’ लिहा.

जुन्या फाइलींचे काय

जुन्या वर्कबुकला थीम लावली आणि निम्मे रंग बदललेच नाहीत, तर ते हाताने लावलेले आहेत. सेलसाठी: कंट्रोल-एच, ऑप्शन्स, फॉरमॅटशेजारचा बाण, चूज फॉरमॅट फ्रॉम सेल. जुना निळा असलेला सेल दाखवा, रिप्लेसच्या बाजूला थीममधला ॲक्सेंट १ द्या आणि विदिन वर्कबुक निवडून रिप्लेस ऑल. पण चूज फॉरमॅट फ्रॉम सेल त्या सेलचा फॉन्ट, कड, संख्येचा साचा सगळेच उचलते आणि मग फारच थोडे सेल जुळतात. त्या खिडकीत फिल सोडून बाकी सगळे क्लिअर करा. चार्टसाठी राइट क्लिक, रीसेट टु मॅच स्टाइल. हाताचे सगळे बदल जातात आणि थीमचे रंग येतात. त्यानंतर साचा लावा, आधी लावला तर तोही पुसला जातो.

चार्ट वर्डमध्ये किंवा पॉवरपॉइंटमध्ये चिकटवताना यूज डेस्टिनेशन थीम हा पर्याय आपोआप निवडला जातो. तिकडच्या फाइलला संस्थेची थीम नसेल तर चार्ट तिथले रंग घेतो. थीमची तीच फाइल वर्ड आणि पॉवरपॉइंटलाही लागते, म्हणून तिथेही लावून टाका. निकड असेल तर कीप सोर्स फॉरमॅटिंग.

लिबरऑफिस कॅल्क

कॅल्कमध्ये स्टाइल वारसा मानतात, हे एक्सेलपेक्षा चांगले. एफ११ दाबून स्टाइलची पट्टी उघडा, डीफॉल्ट स्टाइलचा फॉन्ट बदला आणि तिच्या पोटातल्या सगळ्या स्टाइलना तो मिळतो. पण प्रत्येक स्टाइलमध्ये फॉन्टचे दोन खाने असतात, वेस्टर्न आणि सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट). मराठी सीटीएलमध्ये येते. एकाच खान्यात बदल केला तर आकडे ११ पॉइंटांचे आणि मराठी १० ची, फॉन्टही दोन वेगळे. सीटीएलचा खाना दिसतच नसेल तर टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून भाषा मराठी ठेवा. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात. भाषा मराठी ठेवल्याचा तिथेही फायदा होतो.

टूल्स, ऑप्शन्स, चार्ट्स, डीफॉल्ट कलर्स या यादीत पहिले सहा रंग वरच्या क्रमाने बदला. ही सेटिंग त्या संगणकाची असते, फाइलसोबत जात नाही. म्हणून प्रत्येक संगणकावर करावी लागते. स्टाइल मात्र साच्यातून नेता येतात: फाइल, टेम्प्लेट्स, सेव्ह ॲज टेम्प्लेट आणि मूळ साचा करण्याची खूण. फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट इथे फॉन्ट फाइलमध्ये कोंबता येतात, जे एक्सेलमध्ये जमत नाही.

गूगल शीट्स

फॉरमॅट, थीम, कस्टमाइज. एक फॉन्ट, मजकुराचा रंग, चार्टची पार्श्वभूमी, सहा ॲक्सेंट आणि दुव्याचा रंग. ही थीम दुसऱ्या शीटला देता येत नाही, म्हणून एक कोरी आदर्श शीट करा आणि नेहमी फाइल, मेक अ कॉपी करून तिथूनच सुरुवात करा. मूळ शीटवर बाकीच्यांना फक्त पाहण्याची परवानगी. नाहीतर चार दिवसांत कुणीतरी तिच्यातच जूनची आवक भरून ठेवतो. पावसात नेट जाते हे गृहीत धरून आदर्श शीट आणि चालू शीट ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा, नेट असतानाच.

पायथॉन किंवा आर या प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्या संस्थांना हेच काम एका फाइलीत करता येते; बीबीसीच्या पत्रकारांनी २०१९ मध्ये खुला केलेला बीबीप्लॉट हा आरमधला संच पाहण्यासारखा आहे. मात्र पायथॉनमध्ये चार्ट काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या बऱ्याच आवृत्त्यांत मराठी वेलांट्या आणि जोडाक्षरे जागेवर बसत नाहीत. आरमध्ये रॅग हे पॅकेज चित्र काढायला वापरले की बसतात.

कागदावर उतरवताना

बोधचिन्ह शीटवर चिकटवू नका, ओळी सरकल्या की ते आकड्यांवर येते. इन्सर्ट, हेडर अँड फूटर, पिक्चर असे घाला, फॉरमॅट पिक्चरमध्ये उंची दीड सेंटिमीटर करा आणि वरचा समास तीन सेंटिमीटर ठेवा. साध्या दृश्यात ते दिसत नाही, प्रिंट प्रीव्ह्यूत दिसते. बोधचिन्हाशेजारी सिंह असलेली राजमुद्रा लावायची हौस काही संस्थांना असते. २००५ च्या कायद्याने खासगी आणि सहकारी संस्थांना ती परवानगीशिवाय वापरता येत नाही.

प्रिंट टायटल्समध्ये रकान्यांची नावे असलेली ओळ रोज टु रिपीट ॲट टॉप म्हणून द्या. स्केलमध्ये रुंदी एक पान आणि उंचीचा खाना कोरा; उंचीलाही एक दिले तर दोनशे सभासदांची यादी एका पानावर मुंग्यांसारखी छापली जाते. पीडीएफ काढताना स्टँडर्ड हा पर्याय, आणि छापखान्याला व्हॉट्सॲपने पाठवायची असेल तर चित्र म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून.

पाठवण्याआधी ती पीडीएफ निवडलेला फॉन्ट नसलेल्या एखाद्या संगणकावर उघडा, एक चार्टचे पान काळ्या-पांढऱ्यात छापा आणि त्या छापील पानाची पुन्हा झेरॉक्स काढा. त्या दुसऱ्या प्रतीत निळा आणि केशरी वेगळे ओळखू आले, आणि ‘र्‍हस्व’चा पाय शाबूत असला, की फाइल छापखान्यात जाऊ द्या.